पडवीचा भिंतीलगतचा सांधा दर पावसाळ्यात गळतो: कारण शोधणं आणि नियमात राहून दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत काही होत नाही. मग झड लागते, वारा फिरतो आणि पडवीचा पत्रा घराच्या भिंतीला जिथे भिडतो तिथून ओघळ उतरायला लागतो. पावसाळा संपला की गवंडी येऊन त्या सांध्यावर सिमेंटचा गोला मारून जातो, नाहीतर कुणी डांबरी पट्टी चिकटवतं. एक पावसाळा बरा जातो. पुढच्या वर्षी त्याच रेषेवर केसाएवढी भेग दिसते आणि गळती परत सुरू होते. काही घरांत अशा गोल्याचे चार-पाच थर एकावर एक चढलेले असतात, तरी पाणी थांबलेलं नसतं.

यात माल खराब असतो असं क्वचितच घडतं. घराची भिंत आणि पडवीचं पाखं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात, आणि आपण त्यांना सिमेंटने एकमेकींत जखडून टाकतो. सिमेंटचा गोला मिलिमीटरभरही ताणला जात नाही, त्यामुळे तो दरवर्षी फुटणारच. सांधा हलू द्यायचा आणि तरीही पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढं साधलं की काम झालं.

पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी ठरवा

भिंतीजवळ ओल दिसली की दोष सांध्याचाच, असं धरून चालू नका. चार वेगळी दुखणी अगदी सारखी दिसतात.

पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत थेंब पडायला लागला तर सांधा किंवा स्क्रूचं भोक बघायचं. पाऊस लागून बारा-चोवीस तास झाल्यावर ओल आली आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर झिरपत राहिली, तर भिंत स्वतःच पाणी पितेय. सांध्याच्या वरच्या भागात भिंतीवर पाऊस आपटतो, गिलाव्याच्या भेगांतून आत मुरतो आणि सांध्याच्या खाली बाहेर पडतो. जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या भिंती असतील तर हे हमखास घडतं, कारण जांभा सच्छिद्र असतो. अशा ठिकाणी सांधा कितीही बंद केला तरी उपयोग नाही. सांध्याच्या वर निदान दोन फुटांपर्यंत भेगा खणून, भरून, जलरोधक मिसळलेला गिलावा करावा लागतो.

तिसरं दुखणं वरच्या छपराचं. कौलारू घराच्या वळचणीच्या पागोळ्या थेट पडवीच्या पत्र्यावर पडत असतील, तर पडवीला स्वतःच्या पावसाच्या दुप्पट-तिप्पट पाणी झेलावं लागतं. घराचं पाखं ४० चौरस मीटरचं आणि पडवी १८ चौरस मीटरची असेल, तर तासाला १०० मिमीच्या सरीत पडवीवर १,८०० लिटरऐवजी ५,८०० लिटर पाणी येतं. त्यात ते उंचावरून आदळतं, उडतं आणि भिंतीकडे उलटं जातं. इथे आधी वरच्या वळचणीला पन्हळ लावा, मगच सांध्याकडे वळा.

चौथं म्हणजे दव. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला सगळीकडे थेंब जमतात आणि उतारावरून ओघळत खाली येतात. पाऊस नसताना दिसणारी ही ‘गळती’ वायुवीजन वाढवल्याशिवाय जात नाही. भिंतीच्या बाजूला आणि वळचणीला हवा खेळती ठेवा. त्यानेही भागलं नाही तर पत्र्याखाली फोमचा थर द्यावा.

शंका उरली तर नळी लावून बघा. हे काम कोरड्या दिवशी दोघांनी करायचं. एकाने खडू घेऊन आत उभं राहायचं. दुसऱ्याने वळचणीकडून सुरुवात करायची: आधी खालची स्क्रूची ओळ, मग मधल्या ओळी, मग बाजूच्या जोडी, मग भिंतीचा सांधा आणि सगळ्यात शेवटी सांध्याच्या वरची भिंत. प्रत्येक टप्प्यावर १० ते १५ मिनिटं पाणी सोडायचं आणि नळी दाबून फवारा मारायचा नाही. खालून वर जाणं महत्त्वाचं आहे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. आत ओल दिसली तिथे खडूने खूण करा आणि वेळ लिहा. पत्र्याखाली पाणी आडव्या पाईपापर्यंत धावत येऊन तिथे ठिबकतं, म्हणून थेंब पडतो त्या जागेपेक्षा भोक बहुतेक वेळा वरच्या अंगाला असतं.

सांधा का फुटतो

उन्हाळ्यात दुपारी पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो, पहाटे २० वर येतो. लोखंड दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ३.३ मीटर लांबीच्या पत्र्याला ४५ अंशांचा फरक म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. भिंत इतकी तापत नाही, म्हणून ती जागेवरच राहते. रोज पावणेदोन मिलिमीटर पुढे-मागे होणाऱ्या कडेवर सिमेंटचा गोला टिकेल कसा? मार्च ते मे या तीन महिन्यांतच तो सुटतो, आणि सुटलेला कळतो जूनमध्ये.

दुसरं कारण जमिनीत आहे. मिरज, पलूस, वाळव्याकडच्या काळ्या मातीत घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो, पण पडवीचे खांब दीड फुटाच्या खड्ड्यात उभे केलेले असतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. खांब वर-खाली होतात, घर होत नाही. दरवाज्यासारखा हा सांधा वर्षातून एकदा उघडतो आणि मिटतो. ओळखायची खूण सोपी: मे महिन्यात भिंतीवर आणि लगतच्या पाईपावर पेन्सिलने एकाच पातळीत रेघ मारा आणि सप्टेंबरात पुन्हा बघा. ५ मिमीहून जास्त फरक पडला तर नुसत्या सांध्याच्या दुरुस्तीवर पैसे घालवू नका. पाया बदलावा लागेल.

तिसरं कारण वारा, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळात पडवीचा पत्रा खालून उचलला जातो. तीन बाजूंनी उघड्या पडवीत वारा शिरतो, भिंतीवर आपटतो आणि वर ढकलतो. ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३९ मीटर वेग धरला तर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास येतो. पत्रा आणि सांगाडा मिळून वजन चौरस मीटरला जेमतेम १० किलो. म्हणजे छप्पर खाली दाबून धरायचं काम पेलून धरण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. प्रत्येक वादळात पत्रा थोडा उचलला जातो, स्क्रूची भोकं मोठी होतात, सांध्यावरचं सिमेंट खडखडतं आणि पडतं.

चौथं कारण उताराचं. १० फूट रुंदीच्या पडवीला निदान २० इंच उतार हवा, दर फुटाला दोन इंच. खिडकीचा छज्जा मध्ये येतो म्हणून पत्रा छज्जाखाली घेतात आणि सगळा उतार सहा इंचांत बसवतात. मग वाऱ्याबरोबर पाणी पत्र्यावरून उलटं चढतं. हे कुठल्याही पट्टीने थांबत नाही.

पत्रा उतरवण्याआधी कागद बघा

दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांच्यातली रेष इथे कळीची आहे. मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. गिलावा, रंग, फरशी, त्याच जागी त्याच मापाचं छप्पर बदलणं या किरकोळ कामांना वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मूळ पडवी कायदेशीर असायला हवी आणि दुरुस्तीने दुसरा कुठला नियम मोडता कामा नये. लांबी-रुंदी वाढली, वळचण पुढे सरकली, उंची वाढली, खांब हलले किंवा बाजू बंद करून खोली केली, तर ते वाढीव बांधकाम ठरतं आणि परवानगी लागते. उतार वाढवायचा म्हणून पडवीचं वरचं टोक फूटभर चढवणं, हे बरेच जण दुरुस्तीत धरतात. उंची बदलली की आधी विचारूनच घ्यायचं.

पहिला कागद मंजूर नकाशा. त्यावर पुढची, बाजूची आणि मागची सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, लिहिलेली असतात. पडवी मंजूर नकाशात दाखवलेली आहे का ते बघा. नसेल आणि ती सामासिक जागेत उभी असेल, तर ती मोडून पुन्हा बांधताना जुनी होती हे कारण चालत नाही. मोडल्यावर तुमच्या हातात फक्त नकाशा उरतो. म्हणून संशय असेल तर मोडण्याआधी परवानाधारक अभियंत्याकडून मोजणी करून घ्या आणि सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा.

घरपट्टी लागली आहे किंवा नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, पडवीची नोंद आहे म्हणून बांधकाम नियमित झालं, ही समजूत चुकीची आहे. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विनापरवाना विकलेले, प्लॉट भरपूर आहेत. तिथे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचा दाखला आणि त्यासोबतचा नकाशा आधी शोधून काढा. विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. गावठाणात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५२ लागतं.

छोट्या प्लॉटचं काम मात्र सोपं झालं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक अभियंत्याने नियमानुसार असल्याचं प्रमाणित केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रं आणि फी भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरलाही सुटसुटीत पद्धत आहे. तेव्हा खटपट नको म्हणून लपूनछपून करण्यात अर्थ नाही.

दोन ठिकाणी जास्त काळजी हवी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे वरची नियमावली तशीच लागू होत नाही, स्थानिक नियम कडक आहेत आणि पावसाळ्यापुरत्या झापांनाही मुदत असते. दुसरं, कृष्णाकाठ. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांना सांगायला नकोत. पूररेषा दोन असतात: नेहमीच्या मोठ्या पुराची निळी आणि त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावी लागते. गावभागात किंवा नदीलगतच्या उपनगरात काम असेल तर आधी पूररेषेचा नकाशा बघा.

शेजाऱ्याचं. पन्हळीची बाहेरची कड आणि वळचणीचं पाणी दोन्ही आपल्याच हद्दीत राहिलं पाहिजे. पत्र्याची कड हद्दीपर्यंत नेऊन पन्हळ शेजारच्या जागेवर काढणं हे भांडणाचं सगळ्यात मोठं मूळ. जुन्या वळचणीचं पाणी २० वर्षं उघडपणे, हक्काने शेजारच्या जागेत पडत असेल तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे हक्क सांगता येतो. पण पडवी मोठी करून तोच भार वाढवता येत नाही. साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पडवीची एक बाजू शेजारच्या किंवा सामाईक भिंतीला भिडलेली असते. त्या भिंतीत खाच मारायची किंवा बोल्ट ठोकायचा तर लेखी संमती घ्या. नाही मिळाली तर त्या बाजूला स्वतंत्र खांब आणि भिंतीपासून सुटी उभी पट्टी घ्यावी.

विजेच्या तारा विसरू नका. ६५० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेपासून छपराला उभं अंतर २.५ मीटर आणि आडवं १.२ मीटर हवं. ११ केव्हीला उभं ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर. घराची सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर ती वीज कंपनीकडून सरकवून घ्या. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग जोडा.

दुरुस्ती: दोन पट्ट्या, एकमेकींना न जोडलेल्या

पाया हलत नसेल आणि उतार पुरेसा असेल तर एवढंच काम पुरतं. खालची मापं ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे साधारण २० बाय १० फुटी पडवीची आहेत.

जुना गोला आणि डांबर पूर्ण काढा. पत्र्याचं वरचं टोक भिंतीला टेकत असेल तर १५ ते २० मिमी मोकळं करा. पत्र्याच्या खोलगट नाळेचं टोक पकडीने वर वळवा म्हणजे वाऱ्याने उलटं चढलेलं पाणी तिथे अडतं. ही लहानशी कृती बहुतेक कामांत राहून जाते, आणि तिचा फायदा खूप मोठा आहे.

खालची पट्टी: ०.५ मिमीचा साधा पत्रा, एकूण रुंदी ३६० मिमी. त्यातला १५० मिमी भाग भिंतीलगत उभा, २०० मिमी छपराच्या पत्र्यावर आणि १० मिमीची पुढची कड खाली दुमडलेली. ही पट्टी फक्त छपराच्या पत्र्याला स्क्रूने धरायची, भिंतीला अजिबात नाही. पट्टीखालच्या नाळांच्या पोकळीत पत्र्याच्या आकाराचे फोमचे ठोकळे बसवा, नाहीतर पाऊस त्या भोकांतून आडवा घुसतो.

वरची पट्टी: रुंदी १३५ मिमी. २५ मिमी भिंतीच्या खाचेत, १०० मिमी खाली लोंबणारी, १० मिमी दुमड. ती खालच्या पट्टीवर निदान ७५ मिमी झाकली गेली पाहिजे आणि तिला चिकटता कामा नये. पत्रा पुढे-मागे झाला, थोडा खचला तरी दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. या जागी कुणी उत्साहाने सीलंट भरलं तर सगळं मुसळ केरात.

खाच कटर मशीनने, पत्र्यापासून साधारण १५० मिमी वर, २५ मिमी खोल आणि १० मिमी रुंद मारायची. विटांच्या भिंतीत शक्यतो विटांमधल्या सांध्याच्या रेषेत घ्या. दगडी भिंतीत दगडाचे सांधे सरळ नसतात, तिथे दरजांप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी पट्टी घ्यावी लागते. खाच ब्रशने आणि फुंकून साफ करा, कोरडी होऊ द्या. पट्टी आत बसवून दर ४०० मिमीवर शिशाची किंवा पत्र्याची पाचर मारा, तळाशी फोमची दोरी घाला आणि पॉलियुरेथेन सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सिलिकॉन इथे वापरू नका. तो सिमेंटला धरत नाही आणि त्याच्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं.

पट्ट्या सलग ६ मीटरच्या करू नयेत. ४५ अंशांच्या फरकाला ६ मीटरची पट्टी सव्वातीन मिलिमीटर वाढते आणि मधे फुगते. ८ फुटी तुकडे घ्या, १५० मिमी एकावर एक चढवा आणि जोडात ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) ठेवा. वरचा तुकडा वाऱ्याच्या दिशेकडून यावा, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडून.

माल: ८ बाय ४ फुटांचे साधे पत्रे दोन, त्यातून दोन्ही पट्ट्या निघून बाजूच्या कडेलाही उरतं. १० बाय १० मिमी भराव्याला ६ मीटरमध्ये ६०० मिली सीलंट लागतं, एक ६०० मिलीची पिशवी आणि हाताशी एक कार्ट्रिज घ्या. ब्युटाइल टेपचं एक बंडल, फोमचे ठोकळे सहा पत्र्यांपुरते. पडवीची बाजूची कड भिंतीला भिडत असेल तर तिथेही हीच दुहेरी पद्धत, फक्त छपरावरची पट्टी पत्र्याचे निदान दोन उंचवटे झाकेल इतकी रुंद हवी.

पाया किंवा उतार चुकला असेल तर पुन्हा उभारणी

उंचीचा हिशेब आधी कागदावर मांडा. खिडकीचा छज्जा बहुधा २.१ मीटरवर सुरू होतो. पत्र्याचं वरचं टोक २.६५ मीटरवर घेतलं, ५० सेंटिमीटर उतार दिला, तर वळचण २.१५ मीटरवर येते. डोकं लागत नाही, छज्जा सुटतो, वरची पट्टी २.८ मीटरवर जाते आणि ३ मीटरच्या स्लॅबखाली बसते. या आकड्यांत बसत नसेल तर पडवीची रुंदी कमी करा. उतार कमी करून रुंदी वाचवणं हा चुकीचा सौदा आहे.

मधल्या खांबावर ३ बाय १.५ मीटर, म्हणजे साडेचार चौरस मीटर छप्पर येतं. वाऱ्याची ९० किलोची उचल, त्यातून स्वतःचं १० किलो वजन वजा, म्हणजे साधारण ३६० किलो. ४५० बाय ४५० मिमीचा, ९०० मिमी खोल काँक्रीटचा ठोकळा सव्वाचारशे किलोच्या वर भरतो. म्हणजे खांब जागेवर राहतो. दीड फुटी खड्ड्यातला दगड-मातीचा भराव इतकं धरूच शकत नाही. काळ्या मातीत ९०० मिमीवर मुरूम लागला नाही तर लागेपर्यंत खोल जा. ठोकळ्याच्या बाजूने काळी माती परत भरू नका, मुरूम भरा. तीन खांबांना सव्वापाचशे-साडेपाचशे लिटर काँक्रीट होतं, एम-२० प्रतीच्या काँक्रीटला पाच पोती सिमेंट पुरतं.

खांब फरशीत गाडायचा नाही. फरशी धुतल्याचं पाणी त्या रेषेवर साचतं आणि पाच-सात वर्षांत पाईप नेमका तिथेच गंजून तुटतो. ठोकळा फरशीच्या वर १५० मिमी काढा, त्यावर १५० बाय १५० बाय १० मिमीची तळपट्टी आणि १२ मिमीचे चार बोल्ट. पाईपाच्या वरच्या तोंडाला झाकण आणि तळाला ८ मिमीचं भोक ठेवा. पुराचं पाणी पाईपात शिरतं आणि भोक नसेल तर महिनोन्महिने आतून गंजवत राहतं.

भिंतीकडची बाजू भिंतीच्या प्रकारावर ठरते. बीमला १२ मिमीचे यांत्रिक अँकर चालतात. नऊ इंची पक्क्या विटांच्या भिंतीत केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट), ११० मिमी खोल, मीटरला एक. पसरणारा बोल्ट विटेला फोडतो. पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत काहीच ठोकू नका. तिथे भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून स्वतंत्र खांब उभे करा. पाटण-कोयनेकडे भूकंपाचे हादरे बसत असल्याने तिथे तर हीच पद्धत घ्यावी. पडवी वेगळी हलेल, भिंतीला ओढणार नाही, आणि दुहेरी पट्टी तेवढी हालचाल सहन करते.

आडवे पाईप ६० बाय ४० बाय २ मिमी, चार ओळी, एकेक मीटरवर. वळचणीच्या पाईपापुढे पत्रा ३०० मिमीपेक्षा जास्त काढू नका. तो फडफडतो आणि त्याच ओळीचे स्क्रू आधी सैल होतात. पत्रे ११ फुटी, सलग, सहा. मध्ये जोड नको. रंगीत पत्रा ०.५ मिमीचा म्हणून ०.३५ चा दिला जाणं सर्रास चालतं. वजनकाट्यावर ठेवा: १२२० मिमी रुंद पट्ट्यापासून केलेला १० फुटी पत्रा ०.५ मिमीला साडेचौदा किलोच्या आसपास भरतो, ०.३५ ला दहा किलो.

स्क्रू ईपीडीएम (टिकाऊ रबर) वायसरचे, उंचवट्याच्या माथ्यावर, ५५ ते ६५ मिमी लांब. वरच्या आणि वळचणीच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या दोन ओळींत एकाआड एक. बाजूच्या जोडीत दर अर्ध्या मीटरला एक शिवणस्क्रू. एकूण १३० च्या आसपास लागतात, १५० घ्या. वायसर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं. तो फुगून बाहेर आला किंवा पत्र्याला खळगा पडला तर जास्त झालं, आणि त्या खळग्यातलं पाणी पुढच्याच वर्षी आत येईल. भोकातून पडलेला लोखंडी किस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर रंगावर गंजाचे ठिपके उमटतात.

पन्हळ १५० मिमी रुंद, ६ मीटरला ५० मिमी ढाळ, ११० मिमीचा एक उभा पाईप. तासाला १०० मिमीच्या पावसात १८ चौरस मीटरचं पाणी सेकंदाला अर्धा लिटर होतं, ते यातून आरामात जातं. पाईपाचं तोंड खांबाच्या पायथ्याशी सोडू नका. काळ्या मातीत तिथेच पाणी मुरलं तर वर केलेलं पायाचं काम वाया जातं. निदान दीड मीटर दूर काढा.

जुना पत्रा सिमेंटचा असेल तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे, फुफ्फुसाला घातक असे तंतू असतात. कटर चालवू नका, फोडू नका. आधी पाणी मारून भिजवा, बोल्ट सोडवून अख्खे पत्रे उतरवा, चांगल्या प्रतीचा मास्क घाला. आणि त्यावर पाय ठेवू नका. जुना सिमेंट पत्रा वरून मजबूत दिसतो आणि माणसासकट खाली येतो. आडव्या पाईपांवर टेकणाऱ्या फळ्या टाकूनच चढायचं.

काम मार्च-एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी उरका. सीलंट पूर्ण सुकायला आठवडाभर कोरडी हवा लागते. पहिल्या वादळानंतर एकदा वर चढून वळचणीच्या ओळीचे स्क्रू हाताने तपासा, आणि दोन्ही पट्ट्यांमध्ये पातळ पुठ्ठा सरकवून बघा. तो अडकला तर कुठेतरी सिमेंट किंवा सीलंट शिरलं आहे. तेवढा भाग जूनच्या आत मोकळा करा.